तारपा नाचाचं चलचित्र: वारली संस्कृतीच्या तासाला 'स्टॉप मोशन स्टुडिओ' कितपत उपयोगी?

शाळेच्या भिंतीवर वारली आकृत्यांची पट्टी काढणं सोपं असतं. पण ती काढून झाल्यावरही तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य कधी वाजतं, त्यावर नाचणाऱ्यांची साखळी कोणाच्या मागे वळते, लग्नाचा चौक म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं विधीचं चित्र कोण लिहितं, हे मुलांना कळलेलं नसतं. या तासासाठी 'स्टॉप मोशन स्टुडिओ' हे अ‍ॅप आम्हाला सर्वांत उपयोगी वाटतं. कागदी आकृती थोडी सरकवायची, फोटो टिपायचा, पुन्हा सरकवायची, एवढंच त्याचं काम. प्रत्येक फोटोआधी मुलांना ठरवावंच लागतं की आता कोण हलणार आणि कुठे. तासाचा खरा अभ्यास तिथे होतो.

अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हींवर चालतं आणि चित्रण करताना इंटरनेट लागत नाही. जव्हार-मोखाड्याच्या शाळांना ही मोठीच सोय. मोफत आवृत्तीत चित्रण, वेग बदलणं, आवाज भरणं आणि मागच्या फोटोची पुसट छाया पाहणं एवढं मिळतं, आणि वर्गाला ते पुरतं. पार्श्वभूमी बदलायला लागणाऱ्या हिरव्या पडद्याची सोय आणि बाहेरचे फोटो आत आणणं यासाठी पैसे मोजावे लागतात. वारली विषयाला त्यांची गरज नाही.

तारपा नाचाचं उदाहरण घेऊ. पुठ्ठ्यावर गेरूचा हात द्या. गेरूत थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळा, नाहीतर भुकटी बोटांना लागून पांढऱ्या आकृत्या लाल होतात. तांदळाच्या पिठाचा लेप कागद वाकला की पोपडे धरतो, म्हणून तो झाडं, झोपडी, डोंगर अशा न हलणाऱ्या भागांसाठीच वापरा. नाचणारे पांढऱ्या कार्डशीटचे कापा: टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं. बारा-पंधरा जणांची साखळी गेरूनेच रंगवलेल्या गोल चकतीवर चिकटवा आणि तिचं एक टोक मोकळं ठेवा. वारली चित्रात ही साखळी बहुतेकदा बंद वर्तुळ नसते, ती आत वळत जाते. चकतीच्या मधोमध टाचणी खुपसा. तारपा वाजवणारा मात्र वेगळा कापून मध्यभागी ठेवा.

वेग सेकंदाला 6 फोटो ठेवा. बारा ठेवला तर हालचाल मऊ दिसते, पण काम दुप्पट होतं आणि मुलं कंटाळतात. चकती दर फोटोला 5 अंश फिरवली की 72 फोटोंत एक फेरा, म्हणजे 12 सेकंद. कोनमापकाने कडेला खुणा करून ठेवा. इथे हमखास एक चूक होते: मुलं वादक आणि साखळी एकदमच फिरवतात. नाचात आधी तारपा वाजवणारा वळतो आणि मग साखळी त्याच्यामागे जाते. म्हणून वादक दोन फोटो आधी वळवा. पडद्यावर तो फरक लगेच दिसतो, आणि साखळीची पाठ तारप्याकडे का होत नाही हे वेगळं समजवावं लागत नाही.

तांत्रिक अडचणींत सगळ्यात जास्त त्रास देतो तो प्रकाश. गेरूचा गडद पृष्ठभाग पाहून कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो, त्यामुळे पांढऱ्या आकृत्या भगभगीत होऊन त्यांच्या कडा विरघळतात. शिवाय मुलाचा हात आत-बाहेर गेला की उजेड पुन्हा बदलतो आणि चित्रफीत लुकलुकते. पहिल्या फोटोआधीच एक्स्पोजर (फोटोतला उजेड) आणि फोकस कुलूपबंद करा आणि एक्स्पोजर थोडं खाली आणा. खिडकीजवळ बसू नका. ढग आला की सगळं फुकट. पंखा बंद करा. आकृत्यांच्या मागे दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा लावा, आधी तो कपड्यावर दोनदा आपटून, म्हणजे आकृती सरकते पण उडत नाही. फोन दोन बाकांच्या मधल्या फळीवर कॅमेरा खाली बघेल असा बांधा, विमान मोडवर टाका आणि बोटाने टिपण्याऐवजी 5 सेकंदांचा टायमर लावा. पडद्यावर बोट टेकवलं की फोन हलतोच.

एका गटात पाच-सहा मुलं पुरेत. वीस सेकंदांसाठी 120 फोटो लागतात, म्हणून जोडतास हवा. कापाकापी आदल्या दिवशी उरका.

आवाजाच्या बाबतीत अ‍ॅप कमी पडतं. आवाज भरल्यावर मधले फोटो काढले तर बोल आणि चित्र यांची जुळणी बिघडते. त्यामुळे उलट क्रमाने चला: आजी किंवा आजोबा वारली बोलीत सांगतील ती वाक्यं आधी ऐका, सेकंद मोजा, सहाने गुणा. सात सेकंदांच्या वाक्याला 42 फोटो. चित्रण पक्कं झालं की शेवटचा आवाज त्यांच्याकडूनच थेट अ‍ॅपमध्ये भरून घ्या. बोलीचं प्रमाण मराठी करू नका. अर्थ द्यायचाच असेल तर चिठ्ठीवर लिहून फोटो टिपा. अ‍ॅपमधली तयार शीर्षकं आणि संगीत तर वापरूच नका, तारप्याशी त्यांचा काही संबंध नाही.

काय चलचित्रात आणू नये, हे कुठलंच अ‍ॅप सांगणार नाही. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, त्यात पालघट ही सुफलतेची देवी असते आणि धवलेरीच्या, म्हणजे लग्नविधी करणाऱ्या बाईच्या, गाण्यांशिवाय तो विधी पुरा होत नाही. तो नाचवायची वस्तू नाही. गावातल्या जाणत्या बायकांना विचारल्याशिवाय चौक घेऊ नये, आणि त्या नाही म्हणाल्या तर विषय तिथेच थांबवावा. शेतीची कामं, मासेमारी, ताडी काढणं, तारपा हे विषय भरपूर आहेत. तारप्यासाठी पावसाळा सरतानापासून दिवाळीपर्यंतचे आठवडे निवडा, कारण नवं पीक येतं तेव्हा नाच गावातच पाहायला मिळतो.

पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी 'स्क्रॅच ज्युनिअर' बरं. ते मोफत आहे, ठोकळ्यांवर अक्षरं नसल्याने भाषा आडवी येत नाही, आणि वळण्याच्या ठोकळ्यात 12 आकडा टाकला की पूर्ण फेरा होतो. पण त्याला टॅब लागतो, गोष्ट चार पानांत संपवावी लागते आणि बोटाने काढलेल्या आकृत्या ओबडधोबड येतात. तिसरीपासून पुढे स्टॉप मोशनच घ्या.

आमच्याकडून पाचपैकी चार. एक गुण आवाजामुळे गेला. काम अ‍ॅपमध्येच राहू देऊ नका. तास संपला की चित्रफीत गॅलरीत उतरवा, शेवटी सांगणाऱ्या आजी-आजोबांचं नाव त्यांच्या परवानगीने घाला आणि पहिला खेळ त्यांच्या पाड्यावर दाखवा.