मेडसर्जचं पुस्तक, दहा महिन्यांनंतर: मजकूर उत्तम, बांधणीने रडवलं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मेडिसिन वॉर्डातली पोस्टिंग आटोपून केस स्टडी लिहायला बसले, पहिला खंड उघडला आणि ४०१ ते ४३२ ही पानं एका गठ्ठ्याने मांडीवर आली. फाटली नव्हती. कण्यापासून अलगद सुटली होती, पिकलेलं पान देठापासून सुटतं तशी. दोन खंडांचं हे पुस्तक मी गेल्या नोव्हेंबरात १,९१० रुपयांना घेतलं होतं, स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून. त्या संध्याकाळी मला खरोखर रडू आलं.

जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून सहा वर्षं खासगी इस्पितळात काम केलं, आता पोस्ट बेसिक बीएस्सी करतेय. मेडिकल-सर्जिकल नर्सिंगचं, म्हणजे मेडसर्जचं, परदेशी पुस्तक आणि त्याची आपल्याकडची दक्षिण आशियाई आवृत्ती हा प्रकार तुम्हाला माहीत आहे. पानं किती, प्रकरणं किती ते सांगत बसत नाही. नावही लिहीत नाही, कारण माझी तक्रार अजून मिटलेली नाही. सांगायचंय ते गोव्यात साखळी ते बांबोळी रोज ने-आण करून, दोन बस बदलून, पावसाळ्यात हे पुस्तक वापरल्यावर काय झालं ते.

पहिले चार महिने मी ज्युनिअर मुलींना डोळे झाकून "हेच घ्या" सांगत होते. त्याला कारण होतं. आधी एका सीनिअरकडून जुनी आवृत्ती ६०० रुपयांत मिळत होती आणि मी जवळजवळ घेतली होती. चाळताना क्षयरोगाच्या प्रकरणात आठवड्यातून तीनदा द्यायच्या गोळ्यांचा तक्ता दिसला. आपल्याकडे २०१७ पासून रोजचा डोस सुरू झालाय. शरीररचनेचं पुस्तक जुनं चालतं, हाडं बदलत नाहीत. औषधांचं जुनं पुस्तक स्वस्तात घेऊन उपयोग नाही. झेरॉक्स करून स्पायरल घालणाऱ्याही पुष्कळजणी आहेत. पण शय्याव्रणाच्या (बेडसोरच्या) पहिल्या पायरीत त्वचेवरची लाली दाबून जाते की नाही हेच बघायचं असतं, आणि काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये ती लालीच जाते. म्हणून मी नवं, रंगीत, पूर्ण किमतीचं घेतलं.

मजकुराने निराशा केली नाही. मूळ परदेशी मजकुरात इन्सुलिन म्हणजे मिलिलिटरला १०० युनिट असं गृहीत धरलेलं असतं. आपल्या वॉर्डात ४० युनिटच्या बाटल्या सर्रास असतात; त्यांची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला वीस नाही, पन्नास युनिट जातात. या आवृत्तीत त्यावर वेगळी चौकट टाकली आहे, दोन्ही सिरिंजच्या रंगीत चित्रांसह. ॲसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, एपिनेफ्रिन म्हणजे ॲड्रेनॅलिन, अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल हेही कंसात दिलंय. जीएनएमला असताना ही नावं कळायला मला अर्धं वर्ष लागलं होतं.

आणि सर्पदंशाचं प्रकरण. त्यासाठी मी हे पुस्तक कुणालाही सुचवीन. आमच्या बाजूला कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) आणि शेतात काम करणाऱ्यांना साप चावणं नवं नाही. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी यात इतकी नीट सांगितली आहे की एकदा वाचून हात चालतो: दोन मिलिलिटर ताजं रक्त, स्वच्छ कोरडी काचेची नळी, वीस मिनिटं हलवायची नाही, मग तिरपी करून बघायची. प्लास्टिकची नळी का चालत नाही, हेही आहे: रक्त गोठायला काचेचा पृष्ठभाग चालना देतो, प्लास्टिक देत नाही, त्यामुळे विष नसतानाही रक्त पातळ दिसू शकतं. साप चावल्यावर द्यायची आपल्याकडची लस (प्रतिविष) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. घाटातल्या चापड्यासारख्या सापांवर ती उपयोगी धरता येत नाही. परदेशी लेखकाला हे सुचलं नसतं. आपल्याकडच्या कुणीतरी जीव लावून लिहिलंय.

असं पुस्तक तीन पावसातही टिकू नये याचा राग म्हणूनच जास्त येतो. तीन कसले, पहिल्याच पावसात गेलं.

सुरुवात जूनमध्येच झाली होती, तेव्हा मला कळलं नाही. बसस्टॉपवर उभी असताना सर आली आणि बॅगेचा तळ भिजला. पुस्तकाची खालची कड बोटभर ओली झाली. घरी आल्यावर मी पुस्तक मिटून वर वजन ठेवलं आणि पंख्याखाली ठेवून दिलं. हे अजिबात करू नका. रंगीत पानांचा कागद आर्ट पेपर असतो, त्यावर चिनी मातीचा गुळगुळीत लेप असतो. तो ओला झाला की खळीसारखा होतो आणि मिटल्या स्थितीत वाळला की दोन पानं एकजीव होतात, मग काही केलं तरी सुटत नाहीत. भाजलेल्या जखमांच्या रंगीत चित्रांची सहा पानं माझी अशी गेली. ओढली तर एका पानावरचं चित्र दुसऱ्यावर निघून आलं. ओली असतानाच, वाळायच्या आधी, प्रत्येक दोन पानांत कोरा कागद घालायला हवा होता. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते.

गठ्ठा सुटल्यावर दुकानात गेले. बदलून देण्याची मुदत दहा दिवसांची, मी आठव्या महिन्यात. प्रकाशकाच्या ग्राहकसेवेला फोटो पाठवले. चार मेल झाल्यावर उत्तर आलं की ओलाव्यामुळे झालेलं नुकसान बदलीत धरत नाही. मी लिहिलं की भिजलेली कड खालची आहे आणि सुटलेली पानं वरपासून सुटलीत, भिजण्याशी त्याचा संबंध नाही. त्यावर उत्तर नाही. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जुलैत हवाच ओली असते, घरातलं मीठ पाण्याला लागतं. दक्षिण आशियासाठी म्हणून आवृत्ती काढायची आणि दक्षिण आशियाची हवा धरायची नाही, हे मला पटत नाही.

मग डिचोलीच्या एका म्हाताऱ्या बाइंडरकाकांकडे गेले. देवळांच्या पोथ्या आणि सोसायट्यांची खातेबुकं बांधण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, वरून कण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाय, हे शिवलेलं नाहीच. नुसतं चिकटवलंय."

मी म्हटलं, "काका, जाड पुठ्ठा आहे, महागाचं आहे."

"पुठ्ठ्याला काय बघतेस? आत बघ, दोरा दिसतो का?"

दोरा नव्हता. जुन्या पद्धतीत कागद दुमडून सोळा सोळा पानांचे जुज करतात, घडीतून दोरा ओवतात आणि सगळे जुज एकमेकांना शिवतात, ती जुजबंदी. माझ्या पुस्तकाच्या घड्या यंत्राने कापून टाकल्या होत्या, उरलेल्या सुट्या पानांच्या कडांना गरम वितळवलेला गोंद लावला होता आणि वर पुठ्ठा. साध्या कागदात हा गोंद तंतूंत शिरून धरतो. आर्ट पेपरमध्ये तो लेपालाच धरतो, आणि लेप कागदावरून सुटला की पानही सुटतं. काकांनी सुटलेल्या पानाची कड नखाने खरवडून दाखवली, पांढरी भुकटी आली. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत पुस्तक ठेवलं की हा गोंद मऊ पडतो, मग पावसात कागद फुगतो, एसी वॉर्डात आकसतो, परत बाहेर फुगतो. रोजची ही ओढाताण त्या एका थराने किती दिवस सोसायची?

काकांनी दोन उपाय सांगितले. एक, पानांचे लहान गठ्ठे करून कडेला दाभणाने भोकं पाडून शिवायचे. दुसरा, सगळी पानं पंख्यासारखी आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला झुकवून कडांना पांढरा गोंद भरायचा, कण्यावर आडव्या खाचा पाडून त्यांत दोरा बसवायचा आणि वर कापड. ते स्वतः दुसरा उपाय करायला सांगत होते. मी ऐकलं नाही. गोंद हा शब्दच मला नको झाला होता. "शिवूनच द्या," म्हटलं. ३५० रुपये झाले.

आठवडाभराने पुस्तक हातात आलं तेव्हा दगडासारखं घट्ट होतं आणि मी समाधानाने घरी आणलं. दोन दिवसांनी औषधांचे तक्ते बघताना लक्षात आलं की काय झालंय. कडेला शिवल्यामुळे आतला समास जवळजवळ सहा मिलिमीटर शिवणीत गेला होता. उजव्या पानांवर त्याने फक्त पहिली अक्षरं जातात, ती अंदाजाने वाचता येतात. डाव्या पानांवर मात्र तक्त्याचा शेवटचा रकाना कण्याकडे येतो, आणि या पुस्तकात शेवटचा रकाना डोसचा आहे. १०० च्या जागी १० दिसत होतं. पुढचं शून्य शिवणीत होतं. पुस्तक दाबून पूर्ण उघडलं तर दिसायचं, पण शिवलेलं पुस्तक पूर्ण उघडतच नाही.

वॉर्डात रात्री दोन वाजता कुणी पुस्तक दाबून उघडत नाही. जे दिसतं ते वाचतो.

त्यानंतरचे पाच दिवस मी कॉलेजच्या वाचनालयात तीच आवृत्ती समोर ठेवून पहिल्या खंडातला डाव्या पानांवरचा प्रत्येक तक्ता तपासला. जिथे आकडा झाकला गेला होता तिथे ओळीच्या अलीकडे पेन्सिलीने पूर्ण डोस लिहिला, एकक अक्षरी लिहिलं, आणि दशांशानंतरचं रिकामं शून्य कुठेही ठेवलं नाही. हे शून्य आपल्याला पहिल्या वर्षापासून टाळायला शिकवतात, कारण १.० मधला टिंब पुसट झाला की १० होतो. एकूण एकोणचाळीस ठिकाणी लिहावं लागलं. वाचनालयातली प्रतही कण्यात सैल होती, तीही त्याच गोंदाची. ग्रंथपाल बाईंनी सांगितलं की वैद्यकीय विभागातली नवी जाड पुस्तकं दर पावसाळ्यानंतर बांधायला काढावी लागतात.

त्या दिवसांत पणजीला गेले की मी गार्सिया द ओर्ताच्या नावाच्या बागेत बसून डबा खायचे. आधी कधी विचार केला नव्हता, पण हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला, इथल्या औषधांवर संवादरूपात लिहिलं आणि तो ग्रंथ इथेच गोव्यात १५६३ साली छापला. भारतात छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. छपाईच्या चुका त्यात भरपूर राहिल्या. पण चिंध्यांपासून हाताने केलेला कागद आणि दोऱ्याची शिवण असलेल्या त्या काळच्या पुस्तकाच्या प्रती साडेचारशे वर्षांनंतरही शिल्लक आहेत. माझं आठ महिन्यांत सुटलं. लेप नसलेला कागद आणि दोरा यांचा खर्च प्रकाशकाला परवडत नसेल तर माझ्याकडून दोनशे रुपये जास्त घ्या, मी देईन. पैसा पैसा मोजणारी मी हे म्हणतेय.

चवथीच्या आधी दुसरा खंड घेऊन परत काकांकडे गेले. तो अजून सुटला नव्हता, पण उघडताना कण्यातून करकर आवाज यायला लागला होता. या वेळी सांगितलं, "तुम्ही म्हणाल तसं करा." पंख्यासारखी पानं झुकवून लावलेला पांढरा गोंद वाळला तरी रबरासारखा लवचीक राहतो, आणि पानाच्या कडेलाच नाही तर बाजूच्या केसभर पट्टीलाही धरतो, त्यामुळे समास जात नाही. ३०० रुपये झाले, तीन दिवस लागले. दुसरा खंड आता टेबलावर उघडा ठेवला तर आपोआप मिटत नाही. नवा असतानाही इतका सपाट उघडत नव्हता. म्हणजे माझा राग गोंदावर होता, तो चुकीचा होता. गोंद कुठला आणि कसा लावलाय यावर सगळं आहे, हे काका पहिल्या दिवसापासून सांगत होते.

तर आता विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं: घ्या, सर्पदंशासाठी आणि इन्सुलिनच्या चौकटीसाठी तरी घ्याच, पण किंमत १,९१० नाही, २,५०० धरा. सहाशे रुपये बाइंडरचे. घेतल्या घेतल्या, पावसाळ्याआधी, पानं सुटायच्या आधी बांधून घ्या, आणि कडेला शिवू देऊ नका. दुकानात पुस्तक मधोमध उघडून वरून कण्यात बघा. पानं घड्यांच्या झुपक्यांनी दिसली तर शिवलेलं आहे, सलग सरळ कड दिसली तर चिकटवलेलं. ठेवायला आमच्या घरी कपाटात पंधरा वॅटचा बल्ब लावून ठेवतो, पावसाळाभर, कपड्यांसाठी लावायचा तोच. बुरशी आलीच तर मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसू नका.

पहिल्या खंडाचं काय करायचं ते अजून ठरलं नाही. काका म्हणतात शिवण उसवून परत गोंदाने बांधता येईल, पण दाभणाची भोकं राहतील. त्यात ४१३ वं पान नाही. सुटल्या गठ्ठ्यातलं ते पान पणजी स्टँडवर कुठेतरी पडलं. पोटॅशियमचा तक्ता होता त्यावर. एका ज्युनिअरने तिच्या पुस्तकातून झेरॉक्स करून दिला, तो मी आत चिकटवलाय. दिवाळीच्या सुट्टीत उसवायला देईन, तोवर हा खंड वॉर्डात नेत नाही.