लिनक्स सर्व्हरवर टीडब्ल्यूएस: एक्सआरडीपी घ्यावं की व्हीएनसी?

ट्रेडर वर्कस्टेशन, म्हणजे टीडब्ल्यूएस, हा इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्सचा ट्रेडिंगचा प्रोग्रॅम घरच्या पीसीवरून हलवून लिनक्स व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या दूरच्या सर्व्हरवर, टाकायचं एवढं तुमचं ठरलंय, असं धरून चालतो. टीडब्ल्यूएस जावावर चालतं आणि लिनक्ससाठी त्याचा वेगळा इन्स्टॉलर आहे, त्यामुळे वाइनच्या (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनाच्या) भानगडीत पडावं लागत नाही. प्रश्न उरतो तो सर्व्हरवरची स्क्रीन नाशिकात बसून बघायची कशी, एवढाच. त्यासाठीच्या साधनांपैकी एक्सआरडीपी (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपच्या, म्हणजे आरडीपीच्या पद्धतीचं) आणि टायगरव्हीएनसी (व्हीएनसी पद्धतीचं) मी दोन्ही रोजच्या कामाला वापरलेत, एक्सप्रा त्या मानाने कमी.

एसएसएच म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित जोडणी; तिच्यातून प्रोग्रॅमची विंडो आपल्याकडे आणणारं एक्स फॉरवर्डिंग इथे चर्चेलाही घेत नाही. लाइन तुटली की प्रोग्रॅमही गेला. पोझिशन उघडी असताना, म्हणजे सौदा अजून मिटलेला नसताना, हे परवडत नाही.

एक्सआरडीपीचं कौतुक आधी. विंडोजवाल्याला वेगळं काही टाकावं लागत नाही, रिमोट डेस्कटॉप आधीपासून असतोच. कॉपी-पेस्ट सहज होतं, अक्षरं स्वच्छ दिसतात आणि चार्ट सरकवताना स्क्रीन हाताबरोबर चालते. माझ्या घरच्या ब्रॉडबँडवर तरी ते व्हीएनसीपेक्षा चपळ वाटलं. मोजमाप केलेलं नाही, पण फरक डोळ्यांना जाणवतो. रोज त्याच टेबलाशी, त्याच पीसीवरून काम करणार असाल, तर एक्सआरडीपी घ्या. ते मी खुशाल सुचवेन.

माझं घोडं पेंड खात होतं ते दुसऱ्याच ठिकाणी. अमेरिकेचा बाजार आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळी ७ ला उघडतो, हिवाळ्यात ८ ला. पावसाळ्यात नेमकी ही वेळ वीज जाण्याची. इंदिरानगरात आमच्या सोसायटीत वीज गेली की पीसी आणि राउटर दोन्ही बंद, मग हातात उरतो मोबाइल. सर्व्हर तर तिकडे मजेत चालूच असतो, म्हणून फोनवरच्या आरडीपी ॲपने आत शिरलो. समोर आलं कोरं एक्सएफसीई, म्हणजे लिनक्सचा हलका डेस्कटॉप. ना टीडब्ल्यूएस, ना चार्ट, नुसता निळा वॉलपेपर.

काही बंद पडलेलं नव्हतं. एक्सआरडीपी चालू सेशन शोधताना वापरकर्ता कोण हे बघतं, तसंच मागितलेली रंगांची खोलीही (एका ठिपक्याच्या रंगाला किती बिट) बघतं. पीसी ३२ बिट मागत होता, फोन १६. जुळलं नाही, म्हणून त्याने दुसरं सेशन काढून दिलं. माझं टीडब्ल्यूएस पहिल्या सेशनमध्ये चालू होतं, फक्त मला दिसत नव्हतं. नव्या सेशनमध्ये ते पुन्हा उघडलं, तर एका युजरनेमवर एकच लॉगिन चालतं. दुसरीकडे लॉगिन आहे, ते तोडू का, असा प्रश्न समोर येतो. होय म्हणावं तर जुनं टीडब्ल्यूएस तुटतं आणि ७४९६ पोर्टवर त्याला जोडलेली पायथनची स्क्रिप्टही पोरकी होते. नाही म्हणावं तर उघडी पोझिशन दिसत नाही. वर टू-फॅक्टरची मंजुरी त्याच फोनवर, त्या ॲपमधून बाहेर पडून द्यायची. बाजार उघडल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटं अशी जाणं मला मान्य नाही.

याला उपाय नाही असं नाही. दोन्हीकडे रंगांची खोली एकच ठेवली, किंवा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कमाल बिट बांधून टाकले, की सेशन जुळतं. तेही करून पाहिलं आणि चाललं. पण फोनवरचं ॲप बदललं, भावाच्या लॅपटॉपवरून शिरलो, की आपलंच सेशन मिळेल ना ही धाकधूक उरतेच. ट्रेडिंगच्या बाबतीत ती मला नको आहे.

व्हीएनसीत हा प्रश्नच येत नाही. टायगरव्हीएनसी सर्व्हरवर एक आभासी पडदा उभा करतं, समजा डिस्प्ले १, म्हणजे पोर्ट ५९०१. तो पडदा तिथेच राहतो. पीसी, फोन, टॅब, कुठूनही या, तेच टीडब्ल्यूएस, तीच ऑर्डरची अर्धी भरलेली विंडो, माउसचा बाणही तिथेच. दोन ठिकाणांहून एकदम पाहता येतं. वीज गेल्यावर फोनवरून तोच चार्ट पुन्हा समोर आला, तेव्हा जीव भांड्यात पडला. एक सेटिंग मात्र न विसरता करा: पाहणाऱ्याच्या स्क्रीनप्रमाणे पडद्याचा आकार बदलण्याची मुभा बंद ठेवा. टायगरव्हीएनसीत त्याला ‘ॲक्सेप्ट सेट डेस्कटॉप साइझ’ म्हणतात, ते शून्य करायचं. नाहीतर फोनवरून शिरल्यावर मांडलेल्या सगळ्या विंडो आक्रसतात.

व्हीएनसीच्या उण्या बाजू आहेतच. आवाज येत नाही, म्हणून अलर्ट फोनवर घ्यावे लागतात. भराभर हलणाऱ्या चार्टवर ते जरा मागे पडतं. आणि सुरक्षेचं म्हणाल तर त्याच्या जुन्या पद्धतीच्या पासवर्डची फक्त पहिली ८ अक्षरं मोजली जातात, त्यामुळे ५९०१ इंटरनेटला उघडं ठेवणं म्हणजे दार सताड उघडं टाकण्यासारखं. व्हीएनसी सर्व्हर लोकलहोस्टपुरता, म्हणजे फक्त त्याच मशीनला दिसेल असा, बांधा आणि एसएसएच टनेलमधून या. मी पुढे वायरगार्ड हे व्हीपीएन घेतलं. वायफायवरून मोबाइल डेटावर गेलं की एसएसएचचा टनेल तुटतो, वायरगार्ड नवा पत्ता आपोआप धरून घेतं. लिनक्स कर्नलमध्ये ते ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून आहे, तेव्हा वेगळी जोडाजोड फारशी नाही. एक्सआरडीपीचं ३३८९ पोर्टही असंच आत ठेवा, त्यावर बॉट सतत येऊन धडकत असतात.

एक्सप्रा मला मनापासून आवडलं, हे सांगायलाच हवं. अख्खा डेस्कटॉप न आणता ते फक्त टीडब्ल्यूएसच्या विंडो तुमच्या पडद्यावर आणतं आणि लाइन तुटली तरी प्रोग्रॅम जिवंत ठेवतं. पण टीडब्ल्यूएस छोट्या छोट्या विंडो फार उघडतं आणि माझ्याकडे ऑर्डर पक्की करायची खिडकी कधीकधी मागे दडून बसायची. एकच चार्ट बघणाऱ्याला कदाचित हेच सगळ्यात बरं पडेल.

सर्व्हर कुठे घ्यावा, हे पुष्कळदा उलटं ठरवलं जातं. ऑर्डर लवकर पोचावी म्हणून न्यूयॉर्कजवळ घेतला तर स्क्रिप्टला फायदा, पण प्रत्येक क्लिक समुद्रापार जाऊन येते आणि व्हीएनसी अगदी जड होतं. हाताने ऑर्डर टाकणार असाल तर मुंबईतला घ्या. नाशिकहून पडदा जवळपास घरच्यासारखा हलतो आणि ऑर्डरला लागणारा जास्तीचा वेळ आपल्यासारख्याला जाणवत नाही. स्क्रिप्टच सगळं करत असेल आणि तुम्ही फक्त डोकावणार असाल, तर अमेरिकेतला चालेल. तिथेही व्हीएनसीच ठेवा, कारण डोकावायचं ते बहुधा फोनवरूनच.

डेस्कटॉप हलका घ्या, एक्सएफसीई पुरे. आणखी हलका म्हणून टायलिंग विंडो मॅनेजर (विंडो आपोआप शेजारी-शेजारी मांडणारा) घेणार असाल, तर जावाच्या विंडो नुसत्या करड्या दिसू शकतात. तेव्हा ‘जावा एडब्ल्यूटी डब्ल्यूएम नॉनरीपेरेंटिंग’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा. रॅम ४ जीबी असू द्या. २ जीबीत चालतं, पण पाच-सहा चार्ट उघडले की अडखळतं.

पैसे गुंतवण्याआधी एखाद्या रविवारी, बाजार बंद असताना, पेपर अकाउंटवर, म्हणजे खोट्या पैशांच्या सराव खात्यावर, करून बघा. पीसीवरून शिरा, ऑर्डरची विंडो अर्धी भरा, राउटरची वायर काढा आणि फोनवरून आत या. तीच विंडो दिसली तर तो पर्याय ठेवा, मग तो एक्सआरडीपी असला तरी माझी हरकत नाही.