प्रादेशिक महागाईचे सरकारी तक्ते कितपत कामाचे?

एकाच देशात, एकाच महिन्यात एका प्रदेशात महागाई २ टक्के आणि दुसऱ्यात ७ टक्के, असं सहज घडतं. हा फरक दाखवणारे प्रदेशवार तक्ते बऱ्याच देशांची सांख्यिकी कार्यालयं फुकट देतात. दर्जा मात्र सगळीकडे एकसारखा नाही. एक खोड तेवढी सगळ्यांत सारखी: तक्त्यात जो आकडा आधी डोळ्यांत भरतो, तोच दोन प्रदेशांच्या तुलनेला कुचकामी असतो.

तो आकडा म्हणजे निर्देशांक: एका ठरलेल्या, म्हणजे पायाभूत, वर्षाचे भाव १०० धरून मोजलेले आजचे भाव. समजा 'क' प्रदेशाचा १८० आहे आणि 'ख'चा १६५. बघणारा लगेच म्हणतो, 'क' महाग. पण पायाभूत वर्षी दोन्हीकडे १०० धरलेले असतात. त्या वर्षी 'ख' मुळातच दीडपट महाग असला, तरी तक्त्याला त्याचा पत्ता नसतो. आता वर्षापूर्वीचे आकडे शेजारी मांडा: 'क' १७१.४, 'ख' १५४.२. वाढ निघते अनुक्रमे ५.० आणि ७.० टक्के. 'ख'मध्ये भाव जास्त वेगाने चढले, एवढंच यावरून म्हणता येतं.

या तक्त्यांचा खरा उपयोग गटवार आकड्यांत आहे. 'क'मध्ये खाद्यपदार्थांचा भारांक (पायाभूत वर्षीच्या घरखर्चातला वाटा) ४६ टक्के आणि त्या गटाचा निर्देशांक १६० वरून १७६ झाला, असं धरू. म्हणजे गटात १० टक्के वाढ. बरेच जण ४६ टक्क्यांना १० टक्क्यांनी गुणून 'एकूण वाढीतले ४.६ अंक खाद्यपदार्थांचे' असं लिहून मोकळे होतात. बरोबर रीत अशी: ०.४६ गुणिले १६, भागिले गेल्या वर्षीचा एकूण निर्देशांक १७१.४. उत्तर ४.३. गटाचा जुना निर्देशांक एकूण निर्देशांकापेक्षा खाली असला की सोपा गुणाकार फुगतो, वर असला की आक्रसतो. तरीही ५.० पैकी ४.३ म्हणजे बाकी बाजार जवळपास थंड आहे. ही गोष्ट एकूण दरावरून कधीच कळली नसती.

भारांक वेगळे असल्यामुळेच एकाच भाववाढीचा चटका वेगवेगळा बसतो. भारताच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाच्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांचा भारांक ग्रामीण भागात ५४.१८ आणि शहरी भागात ३६.२९ होता. राज्यवार आकडे ग्रामीण, शहरी आणि एकत्रित असे तिन्ही मिळतात, ही या सेवेची मोठी जमेची बाजू. उणीवही तशीच ठळक: त्या मालिकेत ग्रामीण घरभाड्याचा निर्देशांकच नव्हता. त्यामुळे त्या मालिकेतला एखाद्या राज्याचा ग्रामीण आणि शहरी दर शेजारी ठेवताना घरभाडं एका बाजूलाच आहे, हे विसरू नये.

कागदपत्रांच्या बाबतीत अमेरिकेचं कामगार सांख्यिकी कार्यालय सगळ्यांत प्रामाणिक. २०१८ पासून तिथे २३ महानगरांचे निर्देशांक मिळतात, पण दरमहा फक्त न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसचे, बाकीचे महिन्याआड. स्थानिक नमुना लहान, म्हणून आकडे जास्त हेलकावतात, आणि करारातल्या भाववाढीच्या कलमाला राष्ट्रीय निर्देशांकच वापरा, असं कार्यालय स्वतःच सांगतं. आपल्याच मालाची उणीव इतकी उघड सांगणारे कमी. महिन्याआडच्या मालिकेत मधला महिना सरासरीने भरू नका. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा.

जर्मनीत राज्यांचे प्राथमिक आकडे राष्ट्रीय आकड्याच्या आधी येऊ लागतात, त्यामुळे अंदाज बांधणाऱ्यांची चंगळ. ब्रिटनकडे मात्र दरमहा प्रादेशिक महागाई दर नाही, म्हणून तिथल्या प्रदेशांबद्दल कुणी छातीठोक बोललं तर आकडा कुठून आणला, हे आधी विचारा.

कुठे राहणं जास्त महाग, हे हवं असेल तर तक्ताच वेगळा लागतो. जपान दरवर्षी राष्ट्रीय सरासरी १०० धरून प्रादेशिक किंमतपातळी देतं. अमेरिकेतही आर्थिक विश्लेषण कार्यालय राज्यं आणि महानगरांसाठी तसंच करतं. दोन्ही प्रकारचे तक्ते एकाच देशात मिळणं दुर्मिळ आहे, आणि माझ्या मते सेवेचा खरा दर्जा तिथेच कळतो.

सगळ्यांत महाग पडणारी चूक पायाभूत वर्ष बदलताना होते. जुनी मालिका नवीला जोडायला जोडगुणक लागतो, म्हणजे नव्या आकड्याला ज्याने गुणलं की तो जुन्या पायावर येतो ती संख्या, आणि तो प्रत्येक केंद्राचा (जिथले भाव नोंदवतात त्या ठिकाणाचा) स्वतंत्र असतो. भारतात औद्योगिक कामगारांसाठीच्या निर्देशांकाचा पाया २००१ वरून २०१६ ला आला, तेव्हा अखिल भारतीय जोडगुणक २.८८ ठरला. या मालिकेत ८८ केंद्रं आहेत. एखाद्या केंद्राच्या आकड्याला त्याच्या स्वतःच्या गुणकाऐवजी २.८८ लावला, तर जोडाच्या महिन्यात बाजारात न घडलेली उडी किंवा घसरण दिसते, आणि वेतनकराराचा महागाई भत्ता त्याच केंद्रावर बेतलेला असेल तर ती चूक पुढे दर महिन्याच्या हिशेबात जाते.