चोवीस मापं, चोवीसही सारखी: इंजिनकामात माझे १,७७,००० गेले

"रेसिंगचं इंजिन बांधून देतो" म्हणणाऱ्या एका माणसाकडे मी १,७७,००० रुपयांना फसलो. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे सांगतोय, कारण त्याचं शटर रोज उघडतं आणि पोरं अजूनही त्याच्याकडे गाड्या टाकतायत.

माझी २००४ची मारुती एस्टीम. ऑटोक्रॉससाठी (मैदानातली गाड्यांची शर्यत) ७४ मिलिमीटरचं बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७४.५० करायचं होतं, म्हणजे १२९८ सीसीचं इंजिन १३१६चं. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, मजबूत) पिस्टन आणि रिंग ६८,०००, टॉर्क प्लेट लावून बोअर-होनिंग (सिलिंडरची भिंत दगडाने घासून नेमक्या मापाला आणणं) १४,५००, क्रँक-रॉड बॅलन्सिंग १२,०००, हेड २८,०००, बेअरिंग-गॅस्केट १९,५००, मजुरी ३५,०००. त्यातले ६०,००० त्याने रोख मागितले: "दादा, तुमचाच जीएसटी वाचेल." मी दिले. तुम्ही देऊ नका, कितीही वाचत असले तरी.

इंजिन तयार झाल्यावर त्याने मापांचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. प्रत्येक सिलिंडरचं वर, मध्ये, खाली, आणि दर ठिकाणी दोन दिशांनी माप. चार सिलिंडरची चोवीस मापं. चोवीसही ७४.५००.

खरं बोअर असं येत नाही. होनिंग कितीही उत्तम असो, डायल गेज दोन-चार मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) इकडेतिकडे दाखवतोच. आणि हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी चाकणला एका कंपनीत अकरा वर्षं मोजमाप विभागात आहे. व्हेंडरने असा कागद आणला असता तर गेज न लावता भरलाय म्हणून मी अख्खा लॉट परत पाठवला असता. तो कागद मी आजही उघडून बघतो आणि रक्त उसळतं.

का नाही दिसलं? रात्रीचे साडेदहा वाजले होते, वडील दवाखान्यात होते, इव्हेंटला बारा दिवस उरले होते. शिवाय त्याला बोलता सगळं येत होतं. हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक ओढला जातो, गोल बोअर गोल राहत नाही, म्हणून होन करताना हेडच्या जागी जाड प्लेट त्याच टॉर्कला आवळायची, हे त्यानेच मला समजावून सांगितलं होतं. एवढं बरोबर बोलणाऱ्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. फक्त ती प्लेट त्याच्याकडे नव्हती. प्रत्येक इंजिनची प्लेट वेगळी असते; काम टाकण्याआधी "माझ्या इंजिनची प्लेट दाखवा" एवढंच म्हणा.

पहिल्या स्टार्टला खडखड आली. "फोर्ज्ड आहे दादा, थंड असताना वाजणारच." यात खोटं काही नाही, फोर्ज्ड पिस्टनला क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट) जास्त ठेवावा लागतो, तो गरम होईपर्यंत वाजतो. खऱ्या गोष्टीच्या आडूनच त्याने मला गप्प केलं.

६४० किलोमीटरवर निळा धूर. तोवर दीड लिटर ऑइल जळलं होतं. शेवटी कोल्हापूरच्या एका जुन्या मशीन शॉपवाल्या काकांकडे इंजिन उघडलं. पिस्टन साधे ओतीव, आतून ओतकामाच्या खुणा स्पष्ट. भिंतींवर होनिंगच्या तिरक्या रेषा नाहीत, पॉलिश पेपर फिरवलेला. रिंग बोअरमध्ये सरकवून काकांनी तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज घातला: ०.८० मिलिमीटर. एवढ्या बोअरला साधारण ०.३० पुरते. रॉड तराजूवर ठेवले तर सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यांच्यात ९ ग्रॅमचा फरक. काका बोलले काहीच नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. मला मान वर करवेना. पिस्टन तुमच्यासमोर डब्यातून काढायला लावा, आतून फोटो काढा, वजन करा.

पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा "साहेब बंदोबस्तावर आहेत". दुसऱ्यांदा "काम तर केलंय ना त्याने? मग ही दिवाणी बाब". भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मी छापून नेलं होतं, ते वाचलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा मलाच विचारलं, "गाडीत असले बदल करायला आरटीओची परवानगी आहे का?" चोर तो, आणि घाम मला फुटला! दिलेल्या अर्जाची पोचही मागून मिळाली नाही. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आमच्यात बसत नाही. मग बसतं कुणात? ओतीव पिस्टन फोर्ज्ड म्हणून विकणं ही फसवणूक नाही, तर फसवणूक म्हणतात कशाला?

ग्राहक आयोगात तक्रार लावली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, तेव्हा उशीर करू नका. आतापर्यंत चार तारखा झाल्या. दोनदा तो आलाच नाही, एकदा आयोगाचा कोरम (पुरेसे सदस्य) नव्हता, एकदा त्याच्या वकिलाने मुदत मागितली. प्रत्येक तारखेला माझी एक सुट्टी जाते. यूपीआयचे १,१७,००० कागदावर दिसतात. रोखीच्या ६०,०००चा पुरावा नाही, तो सरळ "घेतलेच नाहीत" म्हणतो.

चारही पिस्टन नंबर टाकून, काकांच्या सहीच्या कागदासह पिशवीत बांधून कपाटात ठेवलेत. ब्लॉक अजून कोल्हापुरातच आहे. काका म्हणतात ७५पर्यंत बोअर निघेल, पण निकाल लागेपर्यंत मी त्याला हात लावू देणार नाही.