खिम्याच्या नाचोजसाठी सोलापुरी कडक भाकरी: तीन पाकिटांचा अनुभव

सोलापुरात राहणाऱ्या माणसाला कडक भाकरीची ओळख करून द्यावी लागत नाही. शेंगांची चटणी, घट्ट दही आणि कडक भाकरी हे आमच्याकडचे प्रवासातले जेवण आहे, तसेच स्वयंपाकाचा कंटाळा आलेल्या रात्रीचेही. हे परीक्षण मात्र त्या भाकरीच्या एका वेगळ्या उपयोगाबद्दल आहे. गेल्या दोन महिन्यांत मी शहरातल्या तीन ठिकाणांहून कडक भाकरीची पाकिटे आणली आणि त्यांच्यावर खिमा व चीज घालून घरी नाचोज केले. त्यातले कोणते पाकीट या कामाला उपयोगी पडते आणि कोणते पडत नाही, हे मी येथे लिहीत आहे.

याची सुरुवात ठरवून झाली नाही. मुलांना नाचोज आवडतात, म्हणून मी मक्याच्या चिप्सचे पाकीट आणत असे. सहा माणसांच्या घरात दीडशे ग्रॅमचे पाकीट खिमा शिजेपर्यंतच अर्धे होते. एका शनिवारी तसेच झाले, आणि सासूबाईंनी काहीही न बोलता डब्यातली कडक भाकरी काढली, दोन्ही अंगठ्यांनी दाबून तिचे तुकडे केले आणि ताटात मांडले. धाकटीने पहिला तुकडा खिम्यासकट उचलला, तो मोडला नाही, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे चिप्सचे पाकीट आलेले नाही.

नाचोज हा पदार्थ मुळात असाच, घरात असेल त्यातून झालेला आहे. १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावात इग्नासिओ अनाया यांनी अवेळी आलेल्या पाहुण्यांसाठी तळलेल्या मक्याच्या रोटीचे तुकडे, किसलेले चीज आणि मुरवलेली हालापेन्यो मिरची एवढ्यावर हे ताट तयार केले. इग्नासिओ नावाच्या माणसाला तिकडे लाडाने ‘नाचो’ म्हणतात, त्यावरून पदार्थाला नाव पडले. त्या पहिल्या ताटात मांस नव्हते. बीफचा खिमा त्यावर आला तो पुढे अमेरिकेत. महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे (बैल आणि वळू यांचा समावेश करणारी १९९५ ची दुरुस्ती २०१५ मध्ये अमलात आली), त्यामुळे आपल्याकडे बीफ म्हणजे म्हशीचे किंवा रेड्याचे मांस, ज्याला आम्ही ‘मोठ्याचे’ म्हणतो. आमच्या घरी तोच खिमा असतो. ज्यांच्याकडे तो चालत नाही त्यांनी मटणाचा खिमा घ्यावा. भाकरीबद्दल मी जे लिहिले आहे ते त्यालाही तितकेच लागू आहे.

पहिले पाकीट मी नवी पेठेतल्या एका दुकानातून आणले. त्यात ज्वारीच्या दहा भाकरी होत्या, सगळ्या एका मापाच्या, तीळ लावलेल्या आणि पापडासारख्या पातळ. नुसत्या खायला, चटणीशी किंवा चहाशी, या भाकरीला तोड नाही. ती तोंडात टाकताच विरघळल्यासारखी होते. नाचोजसाठी मात्र हाच गुण आड येतो. घरी पोहोचेपर्यंत दहापैकी चार भाकरींचा चुरा झाला होता, आणि उरलेल्यांचे तुकडे खिम्याचा एक चमचाही पेलू शकले नाहीत. मुलांचे कपडे आणि सतरंजी यांवर त्या संध्याकाळी जे सांडले, त्यावरून एवढी पातळ भाकरी या कामाची नाही हे मला कळले.

दुसरे पाकीट एका महिला बचत गटाच्या विक्री केंद्रातले होते, आणि माझ्या मते नाचोजसाठी हेच योग्य आहे. ही भाकरी हाताने थापलेली आहे, हे ती उजेडात धरली की लगेच दिसते: मध्यभागी किंचित जाड, कडेला पातळ, आणि पृष्ठभागावर बोटांच्या हलक्या खळग्या, ज्यांच्यात किसलेले चीज नेमके बसते. भाजताना आलेल्या फोडांवर तपकिरी ठिपके आहेत, पण करपल्याचा वास नाही. मोडताना तिचा आवाज ‘कट्’ असा एकच येतो, चुरचुर होत नाही, आणि तुकड्याची कड सरळ निघते. चवीला ती गोडसर आहे. केंद्रातल्या ताईंनी सांगितले की त्या मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी वापरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिथल्या खोल काळ्या जमिनीत, पेरणीनंतर फारसा पाऊस नसतानाही, जमिनीतल्या ओलीवर येणाऱ्या या रब्बीच्या ज्वारीची गोडी आमच्या भागातला कोणीही डोळे मिटून ओळखेल. मसालेदार खिम्याखाली ती गोडी टिकून राहते, आणि मक्याच्या चिप्सची उणीव भासत नाही त्याचे कारण मला तेच वाटते. पाकिटात पाच भाकरी येतात आणि सहा माणसांना दोन पाकिटे पुरतात.

तिसरे पाकीट बाजरीच्या भाकरीचे होते आणि त्याबद्दल माझी तक्रार आहे. दुकानाचे नाव मी देत नाही, पण पाकिटावर भाकरी कधी तयार केली त्याची तारीख नव्हती आणि उघडल्याबरोबर जुन्या तेलासारखा खवट वास आला. बाजरीत ज्वारीपेक्षा स्निग्धांश अधिक असतो, त्यामुळे तिचे पीठ आणि त्याचे पदार्थ लवकर खवटतात. म्हणूनच बाजरीच्या पाकिटावर तारीख असणे फार आवश्यक आहे. मी पाकीट परत नेले, तर उघडलेले पाकीट बदलून मिळत नाही असे उत्तर मिळाले. न उघडता वास कसा घ्यावा, हे मला अजून उमगलेले नाही. पुढे ओळखीच्या एका घरून ताजी बाजरीची कडक भाकरी आणून पाहिली. ती चांगली होती, परंतु बाजरीची चव खिम्यावर चढते, म्हणून मी ज्वारीकडेच परतले.

आता या भाकरीची खरी मर्यादा सांगते. मक्याची चिप तळलेली असते आणि तिच्यावर तेलाचा थर असतो, म्हणून ओलावा शोषायला तिला थोडा वेळ लागतो. कडक भाकरीत तेल नसते. ती केवळ भाजून आणि वाळवून कडक केलेली असते. तिच्यावर रस्सेदार काही पडले की दोन-तीन मिनिटांत ती चिवट होते, आणि चिवट भाकरी हा सगळ्यांत वाईट प्रकार आहे, कारण ती धड मोडत नाही आणि धड चावतही नाही. मी दोन वेळा फसल्यावर यावर तोडगा सापडला. तुकड्यांना बोटाने तेलाचा अगदी पुसट हात लावून ते तापलेल्या तव्यावर दोन मिनिटे परतावेत, त्यांच्यावर सर्वांत आधी किसलेले चीज पसरावे, ते वितळू द्यावे आणि मगच खिमा घालावा. वितळलेल्या चीजचा थर मध्ये आला की खिम्याचा ओलावा भाकरीपर्यंत लवकर पोहोचत नाही. ओव्हन असेल तर १८० अंशांवर सहा मिनिटे पुरतात. तव्यावर करायचे असेल तर झाकणाला स्वच्छ सुती फडके बांधावे, नाहीतर वाफेचे थेंब झाकणावरून ताटात पडतात आणि केलेले सगळे वाया जाते.

चीजच्या बाबतीत मी बराच काळ चुकत होते. मोझरेला घातले की तार सुटते, मुले खूश होतात, पण पाच मिनिटांत ते थंड होऊन रबरासारखे होते. साधे प्रोसेस्ड चीज, जे कोणत्याही किराणा दुकानात ठोकळ्याच्या रूपात मिळते, ते येथे अधिक उपयोगी आहे, कारण त्यातल्या क्षारांमुळे वितळताना चरबी आणि पाणी वेगळे होत नाही. दोनशे ग्रॅमचा ठोकळा बारीक किसून घ्यावा. दुधात मैदा आणि चीज शिजवून केलेला सॉस चिप्सवर ठीक आहे. या भाकरीवर तो घालू नये, वाटीत वेगळा द्यावा.

खिम्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे गरजेचे आहे, कारण अमेरिकी पद्धतीचे प्रमाण आपल्या खिम्याला चालत नाही. तिकडच्या गाईच्या खिम्यात चरबी बरीच असते. तो कढईत आठ-दहा मिनिटे परततात आणि सुटलेली चरबी ओतून टाकतात. म्हशीचे मांस कमी चरबीचे आणि रेशाने जाड असते, त्यामुळे ओतून टाकण्यासारखे काही सुटत नाही. उलट दोन चमचे तेल वरून घालावे लागते आणि शिजायला वेळही अधिक लागतो. मी अर्धा किलो खिमा खाटकाकडून दोनदा काढून घेते. लोखंडी कढई चांगली तापवून तो दोन भागांत परतते, कारण सगळा एकदम टाकला की त्याला पाणी सुटते आणि तो परतला न जाता उकडला जातो. रंग तपकिरी झाला की बारीक कांदा, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, दीड चमचा जिरेपूड, एक चमचा आपले काळे तिखट, मीठ आणि अर्धी वाटी पाणी घालून कुकरला चार शिट्ट्या देते. नंतर झाकण काढून मोठ्या आचेवर पाणी पूर्ण आटवते. उलथणे कढईच्या तळावरून ओढले की मागे कोरडी वाट राहिली पाहिजे. ती राहिली नाही तर भाकरीवर खिमा घालण्याची घाई करू नये. खिमा कधीही अर्धवट शिजलेला ठेवू नये, कारण मांस यंत्रातून काढताना वरच्या पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. लहान मुले आणि वृद्ध जेवणार असतील तर ही काळजी अधिकच घ्यावी.

मेक्सिकन चवीसाठी ओरेगॅनोची पुडी आणण्याची आवश्यकता नाही. ओव्याच्या दाण्यांत आणि ओरेगॅनोच्या पानांत सुगंध देणारी द्रव्ये बरीचशी सारखी आहेत, त्यामुळे चिमूटभर ओवा तळहातावर चुरडून घातला की काम भागते. चिमटीपेक्षा अधिक घातला तर मात्र खिम्याला औषधाचा वास येतो. बाटलीतल्या हालापेन्योऐवजी मी हिरव्या मिरचीच्या चकत्या मीठ-साखर घातलेल्या व्हिनेगरमध्ये वीस मिनिटे बुडवून ठेवते. टोमॅटो, कांदा, कोथिंबीर आणि लिंबू यांची कोशिंबीर, तसेच घट्ट बांधलेले दही, या दोन्ही गोष्टी बाजूला वाटीत असाव्यात. वरून डाळिंबाचे दाणे घालण्याची कल्पना थोरल्याची. आमच्या जिल्ह्यात भगवा डाळिंब मुबलक आहे, केगावला तर राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रच आहे, आणि तिखट खिम्यावर तो गोड-आंबट दाणा फुटला की वेगळ्या सॉसची आठवणही येत नाही.

घरातल्या सगळ्यांना एकाच ताटातून जेवता यावे, ही माझी मुख्य अपेक्षा होती, आणि या बाबतीत कडक भाकरी चिप्सपेक्षा सरस ठरली. मुलांच्या बाजूच्या खिम्यात मी काळे तिखट अर्धेच घालते आणि मिरची घालत नाही. सासूबाईंना कवळी असल्यामुळे कडक तुकडा चावत नाही. त्यांच्यासाठी मी काही तुकड्यांवर खिमा मुद्दाम आधी घालून ठेवते. चीजविना, खिम्याच्या ओलाव्यात दहा मिनिटे राहिलेला तुकडा चिवटपणाची पायरी ओलांडून कुस्करल्या भाकरीसारखा मऊ होतो, आणि त्यांना तो चमच्याने आवडीने खाता येतो. चिप्सचे असे कधी होत नाही. त्या भिजल्या की पिठूळ लगदा होतो आणि त्यांचे मीठ तेवढे वर येते.

वेळेचे म्हणाल तर सगळे पहिल्यापासून केले तर पाऊण तास जातो. सकाळी खिमा शिजवून ठेवला असेल तर संध्याकाळी पंधरा मिनिटांत ताट समोर येते. खर्चही कमी होतो: बचत गटाची दोन पाकिटे मला शंभर रुपयांना पडली, तर सहा जणांना पुरतील एवढ्या चिप्सना त्याच्या दुपटीहून अधिक लागत होते.

बचत गटाच्या भाकरीतही दोन उणिवा आहेत. पाकिटाची पिशवी पातळ आहे आणि एकदा उघडली की पुन्हा बंद होत नाही, म्हणून घरी आणताच भाकरी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात काढाव्या लागतात. पावसाळ्यात तर त्याच तासाला. दुसरे असे की, आकार सारखे नसल्यामुळे एखाद्या पाकिटात फार जाड भाकरी येते, जी मध्ये कच्चट लागते. ती मी तव्यावर पुन्हा शेकून घेते. केंद्रात हे सांगितले तेव्हा ताईंनी ते वहीत लिहून घेतले, आणि त्यानंतर आणलेल्या चार पाकिटांत जाड भाकरी एकच निघाली. येत्या शनिवारसाठी मी तीन पाकिटे सांगून ठेवली आहेत, कारण नणंदेकडची मंडळी येणार आहेत आणि त्यांच्या मुलांनी नाचोजच हवेत असे आधीच कळवले आहे.