ब्रेस्टमधल्या गाठीची तपासणी: रिपोर्ट यायच्या आधीच लिहिलेला रिव्ह्यू

बायोप्सी झालीये, म्हणजे गाठीचे तुकडे तपासायला गेलेत, रिपोर्ट अजून यायचाय, आणि मी मुद्दाम आत्ताच लिहितेय. रिपोर्ट चांगला आला तर मी आनंदात सगळ्यांना पाच स्टार देऊन मोकळी होईन आणि वाईट आला तर याच लोकांवर राग निघेल, म्हणजे दोन्हीकडून सेंटर कसं आहे ते सांगायचं राहूनच जाईल. आणि जिच्या हाताला आज गाठ लागलीये, जी रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलवर रिव्ह्यू वाचत बसलीये, तिला माझा रिपोर्ट काय आला याच्याशी काय घेणंदेणं, तिला पुढचे आठ-पंधरा दिवस कसे काढायचे ते हवंय. तिच्यासाठी लिहितेय.

वय 42, नाशिकला राहते, एका पतसंस्थेत कॅशला आहे. डाव्या बाजूला काखेकडच्या भागात गाठ लागली, दुखत अजिबात नव्हती. आधी घराजवळच्या एका सोनोग्राफीवाल्यांकडे गेले होते, नाव लिहीत नाही. डॉक्टर स्क्रीनकडे बघत गप्प, परत परत त्याच जागेवर प्रोब फिरवतायत, मी विचारलं काय आहे तर म्हणाले तुमच्या डॉक्टरांना दाखवा, आणि बाहेर काउंटरवरून बंद पाकीट हातात. कोणीही असतं तर ते रस्त्यातच उघडलं असतं, मीही रिक्षात उघडलं. आत सस्पिशस आणि बायोप्सी अॅडव्हाइज्ड एवढं मला कळलं, बाकी काही नाही. मशीन चांगलं असेल, रिपोर्टही बरोबरच असेल त्यांचा, पण दोन वाक्यं बोलायला काय जातं हो? ती रात्र मी कशी काढली माझं मला माहीत. पोरांची लग्नं, आईला कोण बघेल, सगळं करून झालं डोक्यात.

मग आमच्या गायनॅक मॅडमनी या सेंटरला पाठवलं. इथला पहिला फरक फोनवरच कळला. रिसेप्शनच्या मुलीने गाठ कधी लागली, पाळी कधी येऊन गेली, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का, आधीचे काही फोटो आहेत का हे सगळं विचारून घेतलं आणि मग सांगितलं की ताई, त्या दिवशी आधी डॉक्टर हाताने तपासतील, मग मॅमोग्राफी म्हणजे ब्रेस्टचा एक्स-रे, मग सोनोग्राफी, हे सगळं एका सकाळी होईल, बायोप्सी लागली तर ती वेगळ्या दिवशी, तिचा रिपोर्ट साधारण आठवड्याने. येताना टॉप वेगळा असलेला ड्रेस घाला आणि पावडर, डिओ काही लावू नका. का ते पण सांगितलं, डिओमधल्या अॅल्युमिनियमचे कण मॅमोग्राफीत पांढरे ठिपके दिसतात आणि ज्या कॅल्शियमच्या ठिपक्यांवरून कधी कधी कॅन्सरची शंका घेतात त्यांच्यासारखे ते वाटू शकतात, मग उगाच घोळ. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा नीट जेवण गेलं. भीती कमी झाली असं नाही म्हणणार मी, पण उद्या काय होणार हे माहीत असलं की भीतीला काहीतरी आकार येतो, ती सगळीकडे पसरत नाही.

तपासणाऱ्या डॉक्टर बाईच होत्या. बसवून, झोपवून, दोन्ही बाजू, दोन्ही काखा, गळ्याच्या हाडाच्या वर, घाई न करता बघितलं. हाताने तपासणं म्हणजे जुनी पद्धत, मशीन आलं की त्याची गरज काय असं आमच्या ऑफिसमधली एक जण म्हणाली होती, तर तसं नाहीये. मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला, त्यात शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविका ठराविक वर्षांनी फक्त हाताने तपासायच्या, आणि 50 च्या वरच्या बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. 2021 ला तो छापून आला. आपल्याच मुंबईतल्या वस्त्यांमधल्या बायकांवर झालेलं काम आहे हे, लोकांना माहीत असायला पाहिजे.

मॅमोग्राफी दुखते का, सगळ्या विचारतात म्हणून लिहिते. दुखते, दाब चांगलाच बसतो, पण एका फोटोला काही सेकंद, आणि दोन्ही बाजूंचे दोन-दोन असे चार फोटो. टेक्निशियन मुलगी प्रत्येक वेळी आता दाब येईल, आता श्वास धरा, झालं, सोडा असं बोलत होती. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात गेलात तर त्रास कमी होतो म्हणे, मला तर तो आठवडा मिळाला नाही.

सोनोग्राफीला मात्र मला खरं सांगायचं तर रडू आलं, कारण या डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. ही बघा गाठ, हिच्या कडा इथपर्यंत सरळ आहेत, इथे या कोपऱ्यात मला थोडं वेडंवाकडं दिसतंय म्हणून मी तुकडा तपासायला सांगणार आहे. मग कागदावर लिहून दाखवलं. या फोटोंना बायरॅड्स नावाने 0 ते 6 नंबर देतात, 0 म्हणजे अजून फोटो लागतील, 1 आणि 2 म्हणजे काळजी नाही, 3 म्हणजे बहुतेक साधंच पण काही महिन्यांनी परत बघायचं, 4 म्हणजे बायोप्सी हवी, 5 म्हणजे शंका खूप जास्त, आणि 6 म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला असतो. 4 मध्ये परत ए, बी, सी. माझा नंबर 4 ए. त्यात कॅन्सर निघायची शक्यता 2 ते 10 टक्के धरतात, म्हणजे शंभरातल्या नव्वद किंवा जास्तच बायकांचं साधं निघतं. डॉक्टर म्हणाल्या, "आज मी तुम्हाला काही नाहीये असं म्हणणार नाही, कारण मला माहीत नाही. पण जेवढं दिसतंय तेवढं सगळं तुम्हाला सांगितलंय, माझ्याकडे यातलं मागे ठेवलेलं काही नाही." हे शेवटचं वाक्य माझ्या सगळ्यात जास्त कामाला आलं. कारण आपल्याला भीती गाठीची असतेच, पण त्याहून जास्त हीच असते की डॉक्टरांना कळलंय आणि ते आपल्याला सांगत नाहीयेत.

आता बायोप्सी. नात्यातल्या एका काकूंनी फोन करून सांगितलं होतं की सुई लावू देऊ नकोस, सुई लागली की पसरतं. मी हे डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, त्या अजिबात चिडल्या नाहीत, म्हणाल्या असं होत नाही, उलट सुईने आधी निदान केलं तर नको ते ऑपरेशन टळतं. ज्यांना ज्यांना असे फोन येतायत त्यांनी हे असंच्या असं डॉक्टरांना विचारा, मनात ठेवून टेबलवर झोपू नका.

जागा बधिर करायचं इंजेक्शन चुणचुणतं, मग काही कळत नाही, नुसता दाब. पण त्या सुईच्या यंत्राचा खटका जोरात वाजतो, आणि तो आवाज अचानक आला असता तर मी नक्की दचकले असते. त्यांनी सुई लावायच्या आधी ते यंत्र हवेतच एकदा वाजवून दाखवलं, असा आवाज येईल, घाबरू नका, हलू नका. सिस्टरने दुसऱ्या बाजूचा हात धरून ठेवला होता. चार-पाच तुकडे घेतले, पांढरट, शेवयांसारखे बारीक, फॉर्मलिनच्या छोट्या बाटलीत टाकले आणि मग सिस्टरने ती बाटली माझ्यासमोर धरून लेबल मलाच मोठ्याने वाचायला लावलं, नाव, वय, डावी बाजू, तारीख. नमुन्यांची अदलाबदल होईल ही भीती मी कुणाला बोलूनही दाखवली नव्हती, ती तिथेच संपली. नंतर दहा-पंधरा मिनिटं दाबून धरलं, बर्फ दिला, घट्ट ब्रा घालून झोपायला सांगितलं, दोन दिवस जड उचलू नका. जागा काळीनिळी झाली पण ते होणार हे सांगितलेलं होतं.

आणि यांची सगळ्यात चांगली सर्विस कोणती विचाराल तर ती त्याच्यानंतरची. इथे एक काउन्सेलर ताई आहेत, त्यांनी घरी सोडायच्या आधी बसवून सांगितलं की रिपोर्टला इतके दिवस का लागतात. तुकडे आधी फॉर्मलिनमध्ये किमान सहा तास तरी मुरावे लागतात, मग पाणी काढून मेणात बसवतात, मेणाच्या त्या ठोकळ्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढतात, गुलाबी-जांभळा रंग देतात, मग पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतात. कधी कधी अजून वेगळं स्टेनिंग लागतं, त्याचे दिवस वाढतात, आणि जास्तीचं स्टेनिंग मागवलं म्हणजे कॅन्सरच असं नसतं, कधी साध्या गाठीची खात्री करायलाही लागतं. हे ऐकल्यापासून माझ्या वाट बघण्यात फरक पडलाय. आज सकाळी कॅश मोजताना मनात आलं की आता मेणात असेल, आता काप निघत असतील. कुठेतरी काम चालू आहे, माझा रिपोर्ट कुणी दाबून ठेवलेला नाही.

त्यांनीच एक कागद दिला, त्यावर रिपोर्टची तारीख, उशीर झाला तर कोण फोन करणार, मधेच सूज, ताप किंवा रक्त आलं तर कुठला नंबर. आणि विचारलं की रिपोर्ट फोनवर ऐकायचाय की समोर बसून, आणि सोबत कोण असेल. मी समोर बसून म्हटलं. हे आधीच ठरल्यामुळे फोन वाजला की पोटात गोळा येणं बंद झालंय, कारण त्यांचा फोन रिपोर्टसाठी येणारच नाहीये.

तरी रात्री अवघड जातात, ते कोणी सांगून टळत नाही. एका रात्री अडीचला छातीत धडधड, हातपाय गार, नवऱ्याला उठवायचं जिवावर आलं. काउन्सेलर ताईंनी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर दिला होता, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालंय आणि मराठी निवडता येतं. मला वाटलं होतं तिकडे फक्त जिवाचं बरंवाईट करायला निघालेले लोक फोन करतात, तसं नाही, झोप लागत नाही एवढ्यासाठीही करता येतो. पलीकडच्या मुलीने टेन्शन घेऊ नका हे एकदाही म्हटलं नाही. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या म्हणाली, फोनवरच करून घेतलं. आणि सांगितलं की काळजी करायला रोज संध्याकाळची वीस मिनिटं ठरवा, तेव्हा वहीत सगळं लिहा, बाकी वेळेला विचार आला की त्याला म्हणा संध्याकाळी बघू. मला आधी हे पटलं नाही पण करतेय आणि उपयोग होतोय. त्या वहीतले निम्मे प्रश्न तर डॉक्टरांना विचारायचे निघाले, ते वेगळ्या पानावर उतरवून घेतलेत.

घरच्यांचं सांगते. काही नसतं गं, माझ्या नणंदेलाही होतं, असं म्हणणारे सगळे प्रेमाने म्हणतात, पण त्यानंतर आपल्याला बोलायची जागा उरत नाही. माझी जाऊ एकटी अशी निघाली की जिने विचारलं, तुला आत्ता बोलायचंय का दुसरं काहीतरी करायचंय? आणि मग आम्ही दोघींनी बसून दोन किलो लसूण सोलला. तुमच्या घरात अशी कोण आहे ते शोधा आणि तिलाच सांगा, बाकीच्यांना रिपोर्टनंतर कळवलं तरी चालतं. आईला मी अजून सांगितलेलं नाही, तिला बीपी आहे, यावर कोणी मला काही म्हणू नये.

आता चार स्टार का, ते. गाऊन घालून जिथे बसवतात तो पॅसेज उघडा आहे, समोरून इतर पेशंटचे नातेवाईक, पुरुष माणसं जातात, गाऊनची एक नाडी तुटलेली, मी ओढणी लपेटून बसले होते. माझ्या शेजारी निफाडकडच्या एक मावशी होत्या, साठीच्या, नऊवारीतल्या, त्या बिचाऱ्या पूर्ण वेळ भिंतीकडे तोंड करून बसल्या. एक पडदा लावायला किती खर्च येतो? दुसरं म्हणजे मॅमोग्राफीचा रिपोर्ट तयार झाल्याचा ऑटोमॅटिक मेसेज लिंकसकट रात्री साडेदहाला येतो, डॉक्टरांनी आधी समजावलेलं असलं तरी त्या वेळेला ते कोणी वाचू नये, आणि न वाचता कोणी राहणार नाही. हा मेसेज सकाळी पाठवा, एवढीच विनंती. पैशांचं म्हणाल तर स्वस्त नाही, पण प्रत्येक तपासणीचा रेट आधी लिहून दिला आणि बिल तेवढंच आलं. त्या मावशींना पुढे उपचार लागलेच तर महात्मा फुले योजनेसाठी रेशन कार्ड, आधार काय काय लागेल ते रिसेप्शनच्या मुलीने त्यांच्या मुलाला वेगळं घेऊन समजावलेलं मी स्वतः ऐकलंय.

जाणाऱ्यांसाठी: सोबत कोणालातरी न्या, डॉक्टर बोलतात त्यातलं निम्मं आपल्या डोक्यात शिरत नाही, माझं तर नवऱ्याने लिहून घेतलं. जुने रिपोर्ट नुसते कागद नाही, सीडी असेल तर तीही न्या. सकाळचा पहिला नंबर घ्या, थांबावं कमी लागतं. टू व्हीलर मागच्या गल्लीत लागते, फोर व्हीलरला जागा नाही, रिक्षाने गेलेलं बरं. माझी वेळ शुक्रवारी साडेअकराची आहे, प्रश्नांचं पान पर्समध्ये ठेवलंय, जाऊबाई पण येणार आहे.