मॅकग्रेगर 26एक्स: डोलकाठी घरी, बोट डेल्टात

मॅकग्रेगर 26एक्स ही वापरलेली बोट घेतली तेव्हा शिडाच्या बोटींवर मुरलेल्या मंडळींनी नाकं मुरडली. ही धड शिडाची नाही, धड मोटरबोटही नाही म्हणे. खरंच आहे ते. पण आम्ही राहतो सॅन फ्रान्सिस्कोजवळ, बे एरियात. बोट ट्रेलरवर घालून सॅक्रामेंटो-सॅन वाकीन नद्यांच्या डेल्टात न्यायची आणि शनिवारी रात्री तिथेच नांगर टाकून झोपायचं, एवढंच काम. त्याला ती चपखल बसली.

1995 ते 2003 दरम्यान कॅलिफोर्नियात बनलेलं हे मॉडेल, जेमतेम 26 फुटांचं. तोलासाठी तळाशी शिसं नाही, पाण्याची टाकी आहे. झडप उघडली की सहा-सातशे किलो पाणी आत येतं. टाकी रिकामी ठेवून 50 हॉर्सपॉवरचं इंजिन जोरात सोडलं की ती पाण्यावर उचलली जाते आणि दोघंच असलो तर ताशी 15 मैलांच्या आसपास पळते. साधी शिडाची बोट एवढ्या लांबीत 6-7 मैलांवर अडते. मात्र त्या वेगात पेट्रोल बघवत नाही, म्हणून आम्ही बहुतेकदा टाकी भरून हळूच जातो. शिवाय रिकाम्या टाकीने बोट फार कलली तर आपोआप सरळ होईल याचा भरवसा नाही. तेव्हा शीड उभारायचं नाही आणि माणसं छतावर चढवायची नाहीत.

डोलकाठी आता घरीच असते. ती उभी करण्यात सकाळ जायची, अरुंद कालव्यांत वाऱ्याविरुद्ध वळणं घेण्यात दुपार. आता बरेचसे पूल न थांबता पार होतात. पण डोलकाठीशिवाय बोट झटके देत डोलते, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं! मोठी मोटरबोट शेजारून गेली की चहा सांभाळा. इंजिन बंद पडलं तर शिडाचा आधारही नाही, म्हणून दुसरा नांगर कायम हाताशी.

रात्रीचं म्हणाल तर कॉकपिटखालचा पलंग ऐसपैस, पण तिथे उठून बसता येत नाही. पोर्टेबल संडास आहे, आणि बायको यायला तयार होते ती त्यामुळेच. डासांच्या जाळ्या आधी लावा, बाकी सजावट नंतर. हलकी आणि उंच असल्याने नांगरावर बोट वाऱ्याने सारखी इकडून तिकडे झुलते. त्यात डेल्टात भरती-ओहोटी पोचते, रात्रीतून प्रवाह उलटतो. मागूनही एक नांगर टाकला तर झोप लागते.

पुण्यात मुठेवर दिसते तीच जलपर्णी इथेही माजते. ती पंख्यात गुंतते, इंजिनाची पाणी ओढायची जाळी तुंबवते. इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक दिसली की इंजिन लगेच बंद करायचं.

घेणाऱ्यांनी आणखी एक बघा. ऑक्टोबर 2024 मध्ये डेल्टातल्या स्टॉकटन बंदरात सोनेरी शिंपले सापडले, बोटींबरोबर दुसऱ्या पाण्यात पसरणारे उपद्रवी. तेव्हापासून डेल्टात भिजलेली बोट अनेक तलावांवर तपासणी किंवा ठरावीक दिवस कोरडी ठेवल्याशिवाय घेत नाहीत. दर आठवड्याला नवं पाणी बघायचा बेत असेल तर आधी तिथले नियम वाचा, मग ट्रेलर जोडा.